किल्ली कोणाकडे?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक समाजमंदिर आहे. कासारवाडीत, रेल्वे स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर. वर पत्रा, पुढे ओटा आणि ओट्याला लागून कडुनिंबाचे झाड. आत एक लांबट खोली, तिच्या टोकाला हातभर उंचीचे व्यासपीठ. दार लोखंडी आहे आणि दाराला कुलूप आहे. गेली काही वर्षे त्या कुलपाकडे पाहतच माझा सकाळचा फेरफटका पुरा होतो.

कुलूप अगदीच कायमचे आहे असे नाही. कुणाचा साखरपुडा असला, बारशाचे जेवण असले की ते निघते. पोलिओच्या डोसाच्या रविवारी निघते. एरवी ओट्यावर पोरे बसलेली असतात आणि आत कोणी नसते. एकदा एका शाळकरी मुलीने मला थांबवून विचारले, "आजोबा, आत काय आहे?" मला पटकन उत्तर देता आले नाही.

दोनेक वर्षांपूर्वी बातमी आली, की हे समाजमंदिर पाडून तिथे तीन मजली 'बहुउद्देशीय भवन' व्हावे, असे चालले आहे. मी पिंपरीतल्या एका कारखान्यात जन्मभर ड्राफ्ट्समनचे काम केले. गल्लीतली मंडळी घरी आली. म्हणाली, "नाना, यंत्रांचे एवढे नकाशे काढलेत, आपल्या भवनाचाही एक काढून द्या. अर्जाबरोबर जोडू." मलाही हुरूप आला. दोन संध्याकाळी बसून मी नकाशा काढला. तळमजल्यावर सभागृह, पहिल्या मजल्यावर व्यायामशाळा, दुसऱ्यावर अभ्यासिका आणि तिसऱ्यावर ज्येष्ठ नागरिकांचे विरंगुळा केंद्र.

आमच्या हिने चष्मा लावून नकाशा पाहिला आणि विचारले, "तिसऱ्या मजल्यावर तुम्ही चढणार का?" मी गप्प. मग तिचा दुसरा प्रश्न आला, "आणि आम्ही बायकांनी कुठे बसायचे?" आणि जाता जाता तिसरा, "हे सगळे उघडायचे कोणी? किल्ली कोणाकडे?"

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे खोडरबर घेऊन देता आली. तिसऱ्याचे उत्तर नकाशात बसेना. वस्तीतल्या विरंगुळ्याच्या जागेचे पुढे काय करायचे, हा प्रश्न आज अनेक ठिकाणी लोकांपुढे आहे. तो सोडवताना मी काय शिकलो, ते आज सांगायचे आहे.

आधी हा प्रश्न आपल्या शहरात कसा उभा राहिला ते पाहू. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली आला. साठच्या दशकात औद्योगिक वसाहत उभी राहिली. १९७० मध्ये नगरपालिका झाली आणि १९८२ च्या ऑक्टोबरात महानगरपालिका. २००१ मध्ये शहराची लोकसंख्या दहा लाखांच्या थोडी वर होती. २०११ च्या जनगणनेत ती १७ लाख २७ हजारांवर गेली. म्हणजे दहा वर्षांत सात लाख माणसे वाढली. त्यांना घरे लागली, पाणी लागले, रस्ते लागले. संध्याकाळी बसायला जागाही लागली, पण ती मागणी कोणी मोर्चा काढून केली नाही.

अशी जागा किती असावी, याचे मोजमाप आहे. केंद्र सरकारच्या नगरविकास मंत्रालयाने २०१४ मध्ये नगरनियोजनासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत दर पाच हजार वस्तीमागे ७५० चौरस मीटर जागेवर एक सामुदायिक खोली आणि दर पंधरा हजारांमागे २,००० चौरस मीटर जागेवर ग्रंथालयासह एक सामुदायिक सभागृह असावे, असे म्हटले आहे. आपल्या शहराला हे माप लावले, तर २०११ च्याच लोकसंख्येला ११५ सभागृहे आणि सुमारे ३४५ खोल्या लागतात. मोठी नाट्यगृहे आणि क्रीडासंकुले या हिशेबाबाहेर ठेवायची. पिंपरीच्या आचार्य अत्रे रंगमंदिरासारखी ठिकाणे सगळ्या शहराची. मी बोलतो आहे ते चपला पायांत सरकवून, घरच्या कपड्यांवर जाता येईल अशा जागेबद्दल.

मग ही जागा मागे का पडते? त्याचे एक कारण कायद्याच्या मांडणीत आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम हा मूळ १९४९ चा कायदा. त्यात पालिकेच्या कामांच्या दोन याद्या आहेत. एक, केलीच पाहिजेत अशा कामांची. दुसरी, करता येतील अशा कामांची. पाणी, गटारे, दिवाबत्ती, साफसफाई ही पहिल्या यादीत. बागा, मैदाने, पोहण्याचे तलाव यांसारख्या गोष्टी दुसऱ्या यादीत. १९९३ मध्ये अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बागा, मैदाने आणि सांस्कृतिक कामे शहरांच्या कामांच्या यादीत घातली खरी. पण पैशाची ओढाताण सुरू झाली की 'करता येतील' अशी कामे आधी थांबतात. घरातही तेच होते. महिनाअखेरीला दुधाचे पैसे द्यावेच लागतात, नाटकाचे तिकीट राहते.

कामगारांच्या विरंगुळ्याचा विचार आपल्याकडे नवा मात्र नाही. १९११ मध्ये ना. म. जोशी यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग ही संस्था काढली. गिरणगावात या संस्थेचे परळचे दामोदर सभागृह १९२२ पासून कामगारांच्या नाटकांचे हक्काचे ठिकाण झाले. १९३९ मध्ये त्या वेळच्या मुंबई सरकारने कामगार कल्याण केंद्रे सुरू केली आणि १९५३ मध्ये त्यासाठी कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. आपल्यापैकी अनेकांच्या पगाराच्या पावतीवर जून आणि डिसेंबरात एक छोटी कपात दिसते, ती याच निधीची. कामगाराचे २५ रुपये आणि मालकाचे ७५, असा हा दर २०२४ पासून आहे; त्याआधी तो १२ आणि ३६ रुपये होता. या पैशातून शिवणवर्ग, शिशुमंदिरे, ग्रंथालये, नाट्यस्पर्धा चालत आल्या. माझ्या खात्यातला एक फिटर एरवी चार शब्द बोलायचा नाही. कामगार कल्याणच्या नाटकात तो असा काही गरजला, की दुसऱ्या दिवशी फोरमननेही त्याला खुर्ची दिली.

ही केंद्रे ज्या कामगाराला धरून आखली, त्याच्या आयुष्याला एक घडी होती. कायमची नोकरी, ठरलेली पाळी, कारखान्याजवळचे घर. ती घडी विसकटली. बजाजने १९९९ मध्ये चाकणला कारखाना काढला आणि २००७ मध्ये आकुर्डीचे उत्पादन थांबवले. फोक्सवॅगन आणि मर्सिडीझ यांचे चाकणचे कारखाने २००९ चे. राहणे इकडे आणि काम नाशिक रस्त्याने पुढे चाकणला, असे हजारोंचे झाले. पहाटे नाशिक फाट्यावर उभे राहा. कंपन्यांच्या बसगाड्या एकामागून एक येतात आणि भरून जातात. त्या गाड्यांत कायम कामगार कमी आणि कंत्राटी अधिक. त्यांत मराठवाड्यातली, विदर्भातली, उत्तर प्रदेश-बिहारातली पोरे. त्यांची घरे गावी आणि इथे फक्त एक कॉट.

हे सगळे मला ठाऊक होते, तरी माझ्या नकाशात आले नव्हते. म्हणून मी नकाशा गुंडाळून ठेवला, शाळेची एक दोनशे पानी वही घेतली आणि आठवडाभर त्या ओट्यावर वेगवेगळ्या वेळी जाऊन बसलो. कोण कधी येतो, काय करतो आणि का उठून जातो, एवढेच लिहायचे ठरवले.

पहाटे पाच ते सात आम्ही म्हातारे. साडेसातच्या सुमाराला रात्रपाळीची पोरे उतरतात, वडापाव घेतात आणि ओट्यावर बसूनच खातात. अकरानंतर बायका मोकळ्या होतात. बचत गटाच्या बैठका तेव्हा, भजनाचा सराव तेव्हा, आणि नुसते दोन शब्द बोलणेही तेव्हाच. चारनंतर पहिल्या पाळीतून सुटलेली माणसे. पाच ते सात पोरांचा दंगा. सातनंतर स्पर्धा परीक्षेच्या तयारीतली मुले पुस्तके काखोटीला मारून फिरतात, कारण घरी टीव्ही चालू असतो. आणि रात्री बारा-साडेबाराला दुसऱ्या पाळीतले परततात. समाजमंदिराच्या भिंतीवर जी पाटी आहे, तिच्यावर वेळ लिहिली आहे सकाळी १० ते सायंकाळी ६. माझ्या वहीतल्या निम्म्या माणसांना त्या वेळेत तिथे येणेच शक्य नव्हते. बाकीच्या निम्म्यांना कुलूप आडवे येत होते.

वहीतले एक पान अजून माझ्या डोक्यातून जात नाही. नांदेडकडचा एक मुलगा, विशीचा. चाकणला कंत्राटी कामावर. रोज संध्याकाळी फोन कानाला लावून रस्त्याच्या कडेने येरझाऱ्या घालायचा. एकदा मी त्याला ओट्यावर बसवले आणि विचारले, "नव्या इमारतीत तुम्हाला काय पाहिजे?" मला वाटले, जिम म्हणेल. तो म्हणाला, "काका, आम्हाला जिम नको. नुसतं बसायला पाहिजे. रूमवर आठ जण आहोत. कधीही जा, कुणीतरी नाईट करून झोपलेलं असतंय. आईशी बोलायचं म्हटलं तरी रस्त्यावर यावं लागतंय. ट्रकच्या आवाजात तिला काही ऐकू येत नाही."

मी त्याला म्हटले, "मग सभासद हो ना." तो हसला. शहरातल्या अशाच एका केंद्रावर तो चौकशी करून आला होता. तिथे पत्त्याचा पुरावा मागितला. भाडेकराराला घरमालक तयार नाही आणि आधारकार्डावर गावचा पत्ता. म्हणजे शहर त्याचे आठ-बारा तास घेते आणि उरलेल्या वेळेसाठी त्याला विचारते, तुम्ही इथले कशावरून?

मी स्वतः १९७९ मध्ये बार्शीकडून आलो, तेव्हा असाच भाडेकरू होतो. याच समाजमंदिरात चाळीसच्या दिव्याखाली बसून मी घरी पत्रे लिहिली आणि ड्राफ्ट्समनच्या परीक्षेचा अभ्यास केला. तेव्हा किल्ली समोरच्या पिठाच्या गिरणीत खिळ्याला टांगलेली असायची. गिरणीवाले मामा कुणाला नाव-गाव विचारत नसत. एवढेच म्हणत, "दिवा मालवून जा." पत्त्याचा पुरावा मागितला असता, तर मी पुढे ड्राफ्ट्समन झालो असतो की नाही कोण जाणे. आणि चाळीस वर्षांनी त्याच जागेचा नकाशा काढताना असा माणूस असतो, हेच मी विसरलो.

म्हणून पहिला धडा असा, की अशा जागेचे भवितव्य ठरवताना भिंतींच्या आधी वेळापत्रक काढावे. चोवीस तासांचे चोवीस चौकोन आखावेत आणि प्रत्येक चौकोनात कोण, हे लिहावे. मग कळते की चार मजले कदाचित लागणारच नाहीत. सकाळी योगासने, दुपारी बचत गट, संध्याकाळी मुले आणि रात्री अभ्यास हे एकाच खोलीत होऊ शकते. सतरंज्या गुंडाळायला एक कपाट आणि उघडझाप करणारा एक माणूस, एवढेच त्याला लागते. आपण 'बहुउद्देशीय' हा शब्द इमारतीला लावतो. खरे तर तो वेळेला लावायला हवा. आणि कुणाला गोंगाट हवा, कुणाला शांतता, त्यांची मात्र वेगळी सोय करावी. कॅरम आणि अभ्यासिका शेजारी शेजारी ठेवली, की पहिल्याच आठवड्यात भांडण ठरलेले.

दुसरा धडा देखभालीचा. तो आमच्या कासारवाडीला कडू अनुभवातून मिळाला. इथे महापालिकेचा पोहण्याचा तलाव आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये एका सकाळी या तलावावर क्लोरिन वायूची गळती झाली. पोहायला आलेल्यांना आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना खोकला, घशात जळजळ, श्वासाचा त्रास सुरू झाला आणि अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. सकाळच्या वेळी वस्तीत पळापळ झाली.

क्लोरिन मुळात का लागतो, हे समजून घ्यायला हवे. पंचवीस मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलाव धरला, तर त्यात सुमारे ४ लाख ६८ हजार लिटर पाणी मावते. २०१९ च्या नोव्हेंबरपासून ज्या शहरात दिवसाआड पाणी सोडायची वेळ आली, तिथे एवढे पाणी रोज बदलणे शक्य नाही आणि योग्यही नाही. म्हणून तेच पाणी पंपाने ओढून वाळूच्या गाळणीतून पुन्हा पुन्हा फिरवतात आणि जंतू मारण्यासाठी त्यात क्लोरिन मिसळतात. तो गोळ्यांच्या, भुकटीच्या किंवा द्रावणाच्या रूपात मिळतो आणि टाकीत दाबून भरलेल्या वायूच्या रूपातही. वायू हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असतो. गळला की वर न जाता जमिनीलगत पसरतो आणि खोलगट जागेत साचतो. पोहण्याचा तलाव ही तर खोलगटच जागा. अशा वेळी वाऱ्याच्या उलट दिशेला, उंचावर जायचे असते. हे तिथल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला झोपेतही सांगता आले पाहिजे.

कोणाची चूक, यात मी आज शिरत नाही. मला एवढेच सांगायचे आहे, की तलाव बांधणे हे काम एका उद्घाटनाने संपते आणि तलाव चालवणे हे काम रोज सकाळी नव्याने सुरू होते. सरकारी हिशेबात या दोन कामांचे खर्च वेगळ्या खात्यांत पडतात. बांधकाम भांडवली खर्चात, पगार-वीज-डागडुजी महसुली खर्चात. भांडवली खर्चाची कोनशिला बसते. टाकीचा वॉशर वेळेवर बदलला, म्हणून कुणाच्या नावाची कोनशिला बसलेली मी पाहिली नाही. म्हणून आपण नागरिकांनी मागणी करताना 'इमारत द्या' एवढेच म्हणू नये. 'पहिल्या पाच वर्षांच्या देखभालीचा पैसा कोणत्या खात्यात, किती आणि त्याचा जबाबदार माणूस कोण,' हे त्याच अर्जात विचारावे.

तिसरा धडा किल्लीचा. अशी जागा चालवण्याचे तीन मार्ग आहेत. पालिकेने स्वतः चालवावी. पगारी माणूस मिळतो, पण तो कार्यालयाच्या वेळेने बांधलेला असतो. ठेकेदाराला द्यावी, दिवे लागतात, फरशी पुसली जाते, पण त्याला भाडे काढायचे असते, म्हणून मुलांच्या खेळापेक्षा लग्नाची तारीख वरचढ ठरते. स्थानिक मंडळाला द्यावी. आपुलकी असते, पण हळूहळू मंडळ म्हणजेच जागा असे होते आणि दुसऱ्या गल्लीतला माणूस उंबऱ्यावर अडतो. तिन्ही प्रकार मी जवळून पाहिले आहेत आणि तिन्हींत कुलूप लागलेले पाहिले आहे.

मग दुसरीकडे काय करतात? जपानमध्ये युद्धानंतर, १९४६ पासून, गावोगावी 'कोमिनकान' म्हणजे नागरिकांची घरे उभी राहिली आणि १९४९ मध्ये त्यांना कायद्याचा आधार मिळाला. त्या कायद्यात इमारतीइतकीच माणसांची तरतूद आहे. केंद्राला प्रमुख असावा आणि कार्यक्रमांची आखणी करणारा सेवक ठेवता यावा, असे त्यात लिहिले आहे. ब्राझीलमध्ये त्याच १९४६ साली व्यापारी आस्थापनांच्या पगारपत्रकावर वर्गणी बसवून 'सेस्क' ही संस्था निघाली. म्हणजे आपल्या कामगार कल्याण निधीची चुलत बहीणच. साओ पाउलो शहरात या संस्थेने पिंपे बनवणारा एक जुना कारखाना घेतला. तो पाडून नवे काही बांधावे, असा विचार होता. लीना बो बार्दी ही वास्तुरचनाकार पाहणीला गेली, तेव्हा तिला दिसले की सुटीच्या दिवशी आसपासची कुटुंबे तिथे आधीच जमत आहेत, मुले खेळत आहेत. तिने कारखान्याच्या शेड तशाच राखल्या आणि आत वाचनालय, कार्यशाळा, नाट्यगृह बसवले. हे केंद्र १९८२ मध्ये खुले झाले. आपली महापालिका झाली त्याच वर्षी. कारखान्यांचे शहर म्हणवणाऱ्या आपण ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आणि उलटे उदाहरण आपल्या जवळचेच आहे. मघाशी ज्या दामोदर सभागृहाचा उल्लेख केला, ते पुनर्विकासासाठी २०२३ मध्ये बंद झाले. नव्या संकुलात नाट्यगृह केवढे आणि कसे असणार, यावरून रंगकर्मींना आंदोलन करावे लागले. शंभर वर्षे चाललेली जागासुद्धा गृहीत धरता येत नाही. आमच्याकडे तर मार्च २०२२ मध्ये मेट्रो आली. मेट्रोलगतच्या जमिनीचे मोल वाढते आणि समाजमंदिराच्या पत्र्याकडे पाहणाऱ्यांचे डोळेही बदलतात.

अशा वेळी सामान्य माणसाच्या हातात काय असते? पुष्कळ असते, फक्त वेळेवर ते वापरावे लागते. शहराचा विकास आराखडा १९६६ च्या नगररचना कायद्याखाली होतो. कोणत्या जागेवर मैदान, कोणत्या जागेवर बाग, सभागृह, हे आरक्षण त्यात दाखवलेले असते. मसुदा जाहीर झाला की ठरलेल्या मुदतीत कोणीही हरकत किंवा सूचना देऊ शकतो. आपल्या शहराचा सुधारित मसुदा मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा हजारो लोकांनी हरकती दिल्या. पुढे आरक्षण बदलायचे झाले, तर कलम ३७ खाली पुन्हा जाहीर सूचना काढावी लागते आणि हरकतींसाठी महिनाभराची मुदत असते. खासगी जागेवरचे आरक्षण मात्र दहा वर्षांत संपादन झाले नाही, तर मालक कलम १२७ ची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरच्या २४ महिन्यांत पालिका हलली नाही, तर आरक्षण उडते. म्हणून आपल्या प्रभागाचा नकाशा एकदा तरी डोळ्यांखालून घालावा. आपल्या घरामागचे ते मोकळे रान म्हणजे कागदावर मैदान आहे, हे अनेकांना तिथे इमारत उभी राहिल्यावर कळते.

दुसरी वाट अंदाजपत्रकाची. पुण्यात २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी कामे सुचवता येऊ लागली. पुढे आपल्या पालिकेनेही अशा सूचना मागवल्या. बहुतेक सूचना फरशा आणि दिव्यांच्या असतात. तिथे 'अमुक सभागृहाला संध्याकाळी ६ ते रात्री ११ एक सेवक' असे लिहायला कोणी बंदी केलेली नाही. मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होईपर्यंत पालिकेत नगरसेवक नव्हते, प्रशासक कारभार पाहत होते. त्या काळात आम्हाला अर्ज लिहायची चांगली सवय लागली. आता नगरसेवक आहेत, पण सवय मोडू नये.

आमच्या समाजमंदिराचे काय झाले, ते सांगतो. मी नवा नकाशा काढला. तो एकमजली आहे. आत एक मोठी खोली, तिच्या बाजूला दाराने तोडता येणारी एक शांत खोली, बाहेर दोन स्वच्छतागृहे, चढायला उतार आणि ओटा आहे तसाच. कडुनिंबाला हात लावायचा नाही, असे मी लाल शाईने लिहिले आहे. नकाशाच्या पाठीमागे वेळापत्रक जोडले आहे आणि सभासदत्वासाठी कंपनीचे ओळखपत्र चालेल, अशी सूचना केली आहे. अर्जावर गल्लीतल्या लोकांच्या सह्या आहेत. त्या नांदेडच्या मुलाचीही आहे. पत्त्याच्या रकान्यात काय लिहू, असे त्याने विचारले. मी म्हटले, "समाजमंदिरासमोर, कासारवाडी."

फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे चालली आहे. इमारत कधी होईल, होईल की नाही, मला सांगता येत नाही. पण अर्ज देताना आम्ही एक छोटी गोष्ट मागून घेतली. नवे भवन होईपर्यंत जुनी खोली संध्याकाळी वापरू द्या. ती परवानगी तोंडी का होईना, मिळाली. आता किल्ल्या तीन आहेत. एक बचत गटाच्या ताईंकडे, एक माझ्याकडे आणि एक कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे, कारण रात्री बारापर्यंत जागा तोच असतो. कुणी कधी किल्ली नेली, त्याची नोंद माझ्या त्या दोनशे पानी वहीत होते. भांडणे होतात. मागच्या आठवड्यात भजनी मंडळ आणि कॅरमवाले यांच्यात झाले. पुढच्या आठवड्यात आणखी कुणाचे होईल.

परवा ती शाळकरी मुलगी पुन्हा भेटली. या वेळी तिने आत काय आहे, असे विचारले नाही. म्हणाली, "आजोबा, किल्ली द्या ना. माझा बॅडमिंटनचा शटल आत राहिलाय."